टायरची साईज आणि आईची ओटी

…मस्त आहेत! हो, मस्तच आहेत, रोज दहा जण बोलतात मस्त आहेत, सिग्नलला काच खाली करून अंगठा दाखवतात, कॉलेजची पोरं टायरसोबत फोटो काढतात… टायरसोबत हां, माझ्यासोबत नाही! पण 'कोणते टायर' असं काय विचारता? कोणते हा प्रश्नच नसतो हो. प्रश्न असतो केवढे! थांबा, सांगतो. तो चहा वर द्या जरा खिडकीतून… हां, बास. नाही नाही, खाली नाही येत, बरा आहे मी इथेच. खरं तर समोरच्या मेडिकलमधून आईचं गुडघ्याचं तेल घ्यायचंय, पण जाईन सावकाश, मेडिकल कुठे पळून जातंय? तर साईज. साईज चुकली की संपलं! हे वाक्य माझं नाही. हे मला प्रत्येक माणसानं ऐकवलंय, आणि प्रत्येकाची साईज वेगळी होती.

मी शैलेश. सुकापूरचा, आगरी माणूस. आमच्या आजूबाजूला बिल्डिंगा झाल्या, मध्ये आमचं एक घर राहिलंय बसकं, आणि घराला ओटा. ओटा चांगला कंबरेइतका उंच, कारण आमच्या बापानं बांधला तेव्हा पावसात दारापर्यंत पाणी यायचं. आता बिल्डिंगवाल्यांच्या पार्किंगमध्ये येतं, तो भाग वेगळा. तर मी घेतली ही फोर बाय फोर पिकप, मागे हौदा, पुढे चौघं बसतील अशी. आणि मग डोक्यात घेतलं की हिला डोंगर चढणारे टायर टाकायचे.

आमची सुनीता, बायको माझी, तिनं सरळ विचारलं. "तुम्ही मॉलच्या पार्किंगमध्ये वर चढताना हॉर्न वाजवत जाता. तुम्हाला डोंगर कशाला?"

आता बायकोला काय उत्तर देणार? पण तुम्हाला सांगतो, डोंगर माझ्यासाठी नव्हताच. आईसाठी होता.

आई माझी भीमाबाई. तिचं माहेर नेऱ्याच्या पुढे, पार डोंगराच्या अंगाला. त्या गावाची देवी जाखमाता, ती बसलीय वर टेपावर, म्हणजे डोंगराच्या टेकाडावर. चैत्रात तिची जत्रा असते, आणि जत्रेला देवीची पहिली ओटी कोणी भरायची? सरपंचाच्या बायकोनं? नाही. पैसेवाल्याच्या बायकोनं? अजिबात नाही! गावातून लग्न होऊन बाहेर गेलेली जी सगळ्यात थोरली माहेरवाशीण जिवंत असेल, तिनं. तिनं ओटी भरल्याशिवाय पालखी उठत नाही. हा मान आता आमच्या आईचा. पण मानाला एक शेपूट आहे… सलग तीन जत्रा चुकल्या की मान पुढच्या माहेरवाशिणीकडे जातो. आणि पुढची कोण? सखूबाई! आईची चुलत बहीण, एका पावसाळ्यानं धाकटी, आणि लहानपणापासून दोघींचं असं की एकीनं बांगडी घेतली की दुसरीनं पाटली घ्यायची.

दोन जत्रा चुकल्या होत्या हो! पहिली चुकली ती गुडघ्यांमुळे. पायवाटेनं चढणं होईना. बरं, मी बोललो, "आई, डोली करू, चौघं पोरं खांद्यावर उचलून नेतील." तर आई काय बोलली माहितीय? "मी जित्ती हाय तवर चौघांच्या खांद्याव जानार नाय! खांद्याव दोघंच जातान. एक देवी, नी दुसरा मढा." झालं. विषय संपला.

दुसरी चुकली ती गेल्या साली, आणि ती माझ्यामुळे. नवी गाडी, मी बोललो चल, टेपापर्यंत बैलगाडीची जुनी वाट आहे, तिनं चढवतो. त्या वाटेवर रस्ता होणार हे मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. आई बसली पुढे, मांडीवर ओटीचं ताट. निम्म्यात गेलो आणि गाडी घसरायला लागली. रोडचे गुळगुळीत टायर, चाक जागच्या जागी फिरतंय, खडी मागे उडतेय, गाडी पुढे जायची सोडून तिरकी होतेय, आणि खालून आवाज… खर्रर्र! पोट घासलं दगडाला. तिथून मागे आलो. तेवढ्यात वरून फोन. सखूबाईचा! "भीमाक्का, कालजी करू नको गो. तुज्या नावानं मीच भरली ओटी." कालजी करू नको! आई फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसली, आणि सुकापूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तुम्ही आमच्या आईला ओळखत नाही म्हणून तुम्हाला ते किती भयंकर होतं ते कळणार नाही.

म्हणून टायर. यंदा चुकलं की मान सखूबाईकडे, कायमचा. आई एवढंच बोलली, "यंदा चुकला तं मंग मना माहेर नाय." मला ते लागलं हो. मी ठरवलं, खर्च होऊ दे, काय व्हायचंय ते होऊ दे.

आता टायर घ्यायचा म्हणजे सल्ला आलाच. आमच्यात कोणी मरायला टेकला तरी डॉक्टरला नंतर विचारतात, आधी भाच्याला विचारतात. माझा भाचा प्रितम. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला आहे आणि रविवारी मित्रांबरोबर गाड्या चिखलात घालतो. मुद्दाम! स्वतःहून! मी फोन केला, तर पोरगा अर्ध्या तासात दारात. "मामा, थर्टी थ्री टाक. डोळे मिटून थर्टी थ्री. त्याच्या खाली ऑफरोडिंग बोलायचंच नाही." मी बोललो, थर्टी थ्री म्हणजे? "मामा! तेहतीस इंच! चाकाची उंची! मामा, साईज चुकली की संपलं!"

त्याच्या मागून त्याचे वडील आले. म्हणजे माझे दाजी. दाजींनी उभा जन्म ट्रेलर चालवले, चाळीस फुटी कंटेनर घेऊन. ते ओट्यावर बसले, पान लावलं, आणि बोलले, "कंपनीनं जो टायर दिलाय तोच घे, फक्त नक्षी जाड घे. कंपनीतल्या विंजिनेरला काय अक्कल नव्हती? मोठा टायर घेशील तर ॲव्हरेज जाईल, गाडीचा जोर जाईल, ब्रेक उशिरा लागेल, काटा साठ दाखवेल आणि पळत असशील चौसष्टनं. शैलेश, साईज चुकली की संपलं."

बापलेकांची जुंपली माझ्या ओट्यावर. मी मध्ये बसलोय. आणि आतून आई विचारतेय, "आरं, काय ठरला? मना बगू दे तं टायर कवरा हाय तो." मी बोललो, "आई, तू बस, ही पुरुषांची कामं आहेत." हे वाक्य लक्षात ठेवा.

मग आम्ही गेलो हेतलबेनकडे. जुन्या हायवेला तिचं टायरचं दुकान आहे. सासऱ्याचं होतं, आता ती चालवते, काउंटरवर डबा उघडून थेपले खात खात ट्रकवाल्यांना गप्प करते. मी बोललो, हेतलबेन, ऑल टेरेन टायर पाहिजे, साईज सांग. ती बोलली, "शैलेशभाई, आधी आत्ताची साईज वाचा." वाचली. दोनशे पंचावन्न, साठ, अठरा. मला वाटलं तिन्ही इंच असतील किंवा तिन्ही सेंटिमीटर असतील. नाही हो! पहिला आकडा टायरची रुंदी, तो मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा, त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे तो, म्हणजे टक्के! आणि तिसरा रिमचा, तो इंचात! एका टायरवर मिलिमीटर, टक्के आणि इंच! मी दहावीला गणितात काठावर पास झालो ते असलं गणित परत करायला लागू नये म्हणून!

हेतलबेन बोलली, "बघा, दोनशे पासष्ट साठ अठरा घेतला तर बसेल, काही कापायला नको, काही चढवायला नको. आणि भाच्याचा पाहिजे तर तो दोनशे पंच्याऐंशी पासष्ट अठरा. जवळजवळ तेहतीस. पण मग गाडी दोन इंच वर उचलावी लागेल, नाहीतर वळताना आत घासेल. साईज चुकली की संपलं, शैलेशभाई, लावलेला टायर मी परत नाही घेत." मग तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "गाडीत बसतं कोण?"

मी बोललो, "मी!" छाती काढून बोललो.

ती अजून थोडा वेळ बघत होती. मग थेपला मोडून खाल्ला.

आता दोनशे पासष्ट की दोनशे पंच्याऐंशी? दाजी बोलले पासष्ट, प्रितम बोलला पंच्याऐंशी. शेवटी प्रितम बोलला, "मामा, वाद कशाला? दगड मोजू." आणि तुम्हाला खोटं वाटेल, आम्ही तिघं जण मेजर टेप घेऊन त्या डोंगराच्या वाटेवर गेलो आणि गेल्या साली ज्या दगडाला पोट घासलं तो दगड मोजला! उभा मोजला, आडवा मोजला, दाजींनी त्याच्या बाजूचाही मोजून ठेवला. खाली येऊन गाडीचं पोट जमिनीपासून किती ते मोजलं, मडगार्डच्या आतली जागा मोजली, चाक पूर्ण वळवून मोजलं, गाडीत तांदळाच्या गोणी भरून परत मोजलं. जे जे मोजण्यासारखं होतं ते सगळं मोजलं! रात्री जेवताना आई बोलली, "माजा काय मोजायचा राहिलाय काय रं?" सगळे हसले. मी पण हसलो. घास अडकेपर्यंत हसलो.

दगडाच्या हिशोबानं प्रितम जिंकला. पंच्याऐंशी ठरला.

मग सुरू झालं ते सांगतो. गाडी दोन इंच वर उचलली. तरी पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो, मग आतलं प्लास्टिक कापलं. स्टेपनी पण तेवढीच मोठी, ती खाली तिच्या जागेत बसेना, मग ती हौद्यात आडवी टाकून बांधली. आणि मग प्रितम बोलला, "मामा, हे बाजूचं पायदान काढ. चढताना दगडाला अडकतं, वाकतं, दाराला लागतं. कोणी ऑफरोडिंगवाला पायदान ठेवत नाही." मी बोललो काढ! अरे, ज्यानं प्लास्टिक कापलं त्याला पायदानाचं काय? काढलं. दोन्ही बाजूंचं.

गाडी दारात आणली, तर काय सांगू, रुबाब! बिल्डिंगमधले लोक बाल्कनीत आले. सुनीतानं पूजा केली, हळदीकुंकू, हार, नारळ, चार चाकांखाली चार लिंबं. मी ऐटीत गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फुटली. चौथं फुटेना! टायरची नक्षी एवढी खोल की लिंबू दोन रबरी गुट्ट्यांच्या मधल्या खाचेत चेपून बसलं आणि चाकाबरोबर फिरायला लागलं, वर, खाली, वर, खाली. सुनीता बोलली, "हे काही बरं नाही." मी बोललो, "अगं, ग्रिप बघ ग्रिप! जो टायर लिंबू सोडत नाही तो डोंगर सोडेल?" आई ओट्यावरून बघत होती. बोलली, "गारी उच झालीय." मी बोललो, "उंचच पाहिजे आई, तुझ्यासाठीच केलीय."

जत्रेचा दिवस आला. आई पहाटेपासून तयार. हिरवं नऊवारी लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, नाकात ठेवणीतली नथ. हातात ओटीचं ताट, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं. मी गाडी पुसून उभी केली. प्रितमनं पुढचं दार उघडलं. आई आली. ताट सुनीताकडे दिलं, दाराच्या कडीला धरलं, पदर खोचला, आणि पाय उचलला.

पाय जमिनीपासून वीतभर वर आला. आणि थांबला.

परत उचलला. परत वीतभर. गाडीत पाय टेकायची जागा तिच्या मांडीच्या वर कुठेतरी होती. पायदान तर नव्हतंच, ते मीच काढलेलं! आईनं माझ्याकडे बघितलं. मी टायरकडे बघितलं. दाजींनी माझ्याकडे बघितलं, आणि हळूच, मला एकट्याला ऐकू येईल असं बोलले, "साईज…" मी बोललो, "दाजी, एक अक्षर पुढे बोललात तर बघा!"

दगड मोजला हो आम्ही! दगडाच्या बाजूचा दगड मोजला! घरात बसलेल्या आईचा गुडघा नाही मोजला! गेल्या साली ती बसली होती ना, म्हणून आम्ही धरून चाललो की बसेल. ती पायदानावरून बसली होती, हे कोणाच्या टाळक्यातच नाही!

स्टूल आणलं. ते डुगडुगायला लागलं, आई उतरली. प्रितम बोलला, "आजी, मी उचलतो ना." आई बोलली, "हात लावशील तं याद राख!" मग मी बोललो, ओट्याला बाजूनं गाडी लावू, ओट्यावरून सरळ सीटवर. लावली. तर दार उघडेना! दार ओट्याला अडतंय. पुढे घे, मागे घे, तिरकी घे… ऊन चढतंय, पालखीची वेळ जवळ येतेय. परत ती खिडकीबाहेर बघणारी गप्प आई! मला घाम फुटला.

तेव्हा सुनीता बोलली, "उलटी लावा." काय? "उलटी लावा गाडी ओट्याला. मागचा फाळका उघडा. गोणी नाही का चढवत आपण? सिलिंडर नाही का?"

आई बोलली, "सिलिंडर?"

पण गाडी उलटी लावली, फाळका उघडला, आणि तो फाळका आणि ओटा… एका पातळीत! जणू बापानं ओटा बांधताना ह्याच टायरचं माप घेतलं होतं. आई ओट्यावरून चालत, ताट हातात घेऊन, हौद्यात गेली. हौद्यात ती आडवी स्टेपनी होती, तिच्यावर सुनीतानं गादी टाकली, मागे लोड लावला, आणि आई बसली. टायरवर! एका बाजूला सुनीता धरून, दुसऱ्या बाजूला दाजी धरून. आणि निघाली आमची गाडी. नेऱ्याच्या बाजारात लोक बाजूला होऊन हात जोडत होते, त्यांना वाटलं मूर्ती चाललीय.

आणि गाडी चढली! तुम्हाला सांगतो, काय चढली! जिथे गेल्या साली घसरलो तिथे नुसतं खालून खडीचा आवाज, आणि गाडी वर. तो मोजलेला दगड आला, चाक त्याच्यावर गेलं, पलीकडे उतरलं, पोटाला स्पर्श नाही! मागून आईचा आवाज, "आरं, हलू! देवीचे तांदूल सांडतान!" बास, तेवढीच तक्रार. प्रितम माझ्या बाजूला बसून डोलत होता. "बोललो होतो ना मामा? बोललो होतो ना?" मला त्या क्षणी वाटलं, पोरगं बरोबर होतं, आपण उगाच घाबरलो, गेलो आता वर, भरली ओटी!

वर गेलो. देवळासमोरच्या पटांगणात गाडी उभी केली. ढोल वाजतायत, भंडारा उडतोय, माणसांची ही गर्दी. मी उतरलो, ऐटीत मागे गेलो, फाळका उघडला आणि बोललो, "चल आई."

आई बोलली, "कवं?"

कुठे? खाली! पण खाली कसं? ओटा कुठाय? ओटा सुकापूरला! देवळाला एक पायरी, तीही बोटभर. पटांगण सपाट. आई वर टायरवर बसलीय, देवी समोर देवळात, मध्ये दहा पावलांचं अंतर, आणि ते दहा पावलांचं अंतर फोर बाय फोर टाकून सुद्धा पार होईना!

आणि देवळाच्या दारात कोण उभी? सखूबाई! हातात ताट. तयारच! तिला बघून वाटलं, ती दोन वर्षांपूर्वीपासून तिथेच उभी आहे. देवळाचे पुजारी तुळशीरामदादा, म्हातारे झालेत, ते बाहेर येऊन बोलले, "भीमाबाय, येल झाला. देवीला पालखीन बसवलीय. ओटी भर, मंग उठवू." गावातले चार तगडे पुढे आले. "आत्ये, आमी उचलतो, एका मिनटाचं काम हाय." आई बोलली, "चौघांनी? आरं मेलेल्यांनो, परत चौघांनीच?" ते चौघं मागे सरले. सखूबाईनं देवळाच्या उंबऱ्यावर एक पाय ठेवला. बोलली, "अक्का, तुला नसल जमत तं मी…"

ढोल थांबला. खरंच थांबला हो! आणि मी त्या एवढ्या मोठ्या टायरला टेकून उभा, मला वाटलं भुई दुभंगावी आणि हे चारही टायर, रिमसकट, आणि मी, आणि भाचा, सगळ्यांनी आत जावं. एवढं करून आईचं माहेर मी घालवलं. फक्त एका साईजपायी!

तेव्हा आई टायरवरून उठली. उभी राहिली हौद्यात. नथ सरळ केली. आणि काय आवाज दिला! "तुलशीराम! देवी पालखीन बसलीय ना?" ते बोलले, बसलीय. "तिला चौघांच्या खांद्याव चालतंय ना?" ते बोलले, चालतंय की, तिची पालखीच ती. "मंग मी कशाला उतरू? मना नाय चालत, तिला चालतंय! तिला आना हितं!"

तुळशीरामदादांनी डोकं खाजवलं. बोलले, "ओटी भरल्याबिगर पालखी उठवाची नाय, तशी रीत हाय." आई बोलली, "माहेरवाशीन जत्रेला बोलल ता मोडाचा नाय, ही पन रीतच हाय! पयली कनची, ती तुजी तू ठरव."

त्यांनी ठरवलं. माहेरवाशिणीचं ठरवलं! पालखी उठली. तेच चार तगडे, ज्यांना आईनं हाकललं होतं, त्यांच्याच खांद्यावर. ढोल पुन्हा सुरू, पालखी डोलत डोलत गाडीकडे आली, फाळक्याला टेकली… आणि काय सांगू तुम्हाला. आई परत स्टेपनीवर बसली होती. पालखीतल्या देवीचे डोळे आणि आईचे डोळे, समोरासमोर. एका उंचीवर! बोटाचा फरक नाही! जन्मभर आई त्या देवीपुढे वाकून, गुडघे मोडून, जमिनीला टेकून ओटी भरत आली. आणि त्या दिवशी ती तिच्या समोर बसली होती, दोघी मैत्रिणी ओट्यावर बसतात तशा. आईनं आधी खण नाही दिला. आधी देवीच्या मुखवट्यावरची धूळ पदरानं पुसली आणि हळूच विचारलं, "बरी हाईस ना गो?"

मला रडू आलं. सांगतो ना, खोटं कशाला बोलू, सगळ्या गावासमोर टायरला धरून रडलो मी.

ओटी भरली. मग सखूबाई खाली गाडीजवळ आली, तिचं ताट वर केलं आणि बोलली, "अक्का, माजी पन भर तुज्याच हातानं. मना तरी कवं चढता येतंय?" आईनं घेतलं तिचं ताट. भरली. वर बोलली, "पुरच्या सालाला आमच्या ओट्यावरनं बस."

आणि गाव माझ्याभोवती! "शैलेश, काय साईज घेतलीस रे! बरोबर पालखीच्या मापाची!" तुळशीरामदादांनी चारही टायरना हळदकुंकू लावलं. कोणीतरी दाजींना विचारलं, एवढा हिशोब कोणी केला? दाजी बोलले, "आम्ही सगळी मापं घेतली होती." अहो दाजी!

आई दिवसभर तिथेच, टायरवर. जेवण वर आलं, नातवंडं वर आली, बायका खाली उभ्या राहून तिच्याशी वर बघून बोलत होत्या. संध्याकाळी सुकापूरला आल्यावर ओट्याला गाडी उलटी लावली तेव्हा ती उतरली.

आता खरं सांगतो. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी मी गुपचूप हेतलबेनकडे गेलो होतो. बोललो, काढ हे, तो दोनशे पासष्टवाला लाव, पायदान लाव. डिझेल पितेय, हायवेला मधमाश्यांसारखा आवाज येतोय, आणि… अजून एक कारण होतं. ती बोलली, "परत नाही घेत, पण तुमच्यासाठी बघते." पण आईला कळलं. सुनीतानं सांगितलं असणार. आई बोलली, "त्या टायरला देवी टेकलीय. झिजला तं नवा घे, पन हाच घे. एक बोटभर कमी कराचा नाय. साईज चुकली की संपला!" तिला हे वाक्य कोणी शिकवलं, कोण जाणे.

तर झालं असं. गाडी आता डोंगर चढते, देवी गाडीशी येते, आई खुश, गाव खुश, भाचा खुश. राहिलो मी. तुम्ही मला बसलेला बघताय म्हणून तुम्हाला कळत नाही. मी पाच फूट दोन इंच आहे हो! परवा उडी मारली, घोटा मुरगळला, अजून सुजलाय. तेव्हापासून सीटच्या मागे एक स्टूल ठेवतो, चढताना कडीला लटकून चढतो, पण कुठे थांबलो की आधी स्टूल खाली सोडतो, मग मी. आणि आज सकाळी सुनीतानं माळ्यावरचे डबे काढायला तेच स्टूल घेतलं, ते मला इथे कामोठ्यात येऊन दार उघडल्यावर कळलं!

म्हणून चहा वर मागितला. म्हणून मेडिकलला सावकाश जातो बोललो. आईचं गुडघ्याचं तेल आणायला आलोय आणि दहा मिनिटं झाली, खिडकीतून तुम्हाला टायर सांगत बसलोय.

तुमच्या टपरीमागे तो दुधाचा क्रेट पडलाय ना… तो? तो जरा इकडे सरकवा ना भाऊ, दाराखाली. हां, तिथेच. नाही, थांबा, एकानं नाही होणार. दोन ठेवा, एकावर एक. साईज चुकली की संपलं.